केबलवर वाळत घातलेली गोधडी

दसरा काढायच्या दिवसांत आमच्या गल्लीत मान वर केली तर आभाळ दिसायचं नाही, गोधड्या दिसायच्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, दसरा काढणं म्हणजे घटस्थापनेच्या आत घरातलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर आणून धुणं. चादरी, सतरंज्या, डबे, भिंती, जिने, मोऱ्या, काही म्हणता काही सुटायचं नाही. मंगळवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत एवढं धुणं वाळवायला जागा कुठली? मग बायका वर बघायच्या, आणि त्यांना माझ्या दादाची केबल दिसायची.

दादा केबलवाला. नव्वदीच्या दशकात घराघरांत वाहिन्या आल्या तेव्हा त्यानं आमच्या गच्चीवर मोठी छत्री उभी केली आणि तिथून काळी केबल या गच्चीवरून त्या गच्चीवर, या गॅलरीतून त्या खिडकीत अशी गल्लीभर ओढली. मी तेव्हा कॉलेजात होते. घरी असले की तक्रारींचे फोन घ्यायचं काम माझ्याकडं. एरवी दिवसाला एखाददुसरा फोन यायचा, पण दसरा काढायला लागले की फोन खाली ठेवायची सोय नसायची. ओली गोधडी ज्यानं उचललीय त्याला तिचं वजन कळेल. ती केबलवर पडली की केबल झोळ खायची, कुठला तरी जोड निसटायचा आणि पुढच्या सगळ्या घरांतलं चित्र गुल व्हायचं. मग जिनं गोधडी घातली तीच बाई फोन करून मला झापायची, "काय गं, तुमचं चित्र सारखं का जातंय?" असा संताप यायचा, की फोनमधून हात घालून तिची वेणी ओढावी.

या जोडाला कनेक्टर म्हणतात. बोटाच्या पेराएवढी धातूची नळी. केबल कापून बघितली तर मधोमध तांब्याची तार असते, तिच्याभोवती पांढरा फोम, फोमवर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यात वर काळं रबर. तांब्यातून चित्र येतं, आणि जाळी त्याला बाहेरच्या खरखरीपासून सांभाळते. कनेक्टरनं तार आणि जाळी दोन्ही धरायची, पण एकमेकींना लागू द्यायची नाहीत. आमच्याकडं त्या काळी सगळेच केबलवाले कनेक्टर केबलवर पिळून बसवायचे, फार तर पक्कडीनं चेचायचे आणि वरून काळी टेप गुंडाळायचे. काही घरांत तर तेवढंही नव्हतं. तांब्याची तार थेट टीव्हीच्या भोकात घालून शेजारी काडेपेटीतली काडी खोचलेली असायची. काडी निघाली की मला फोन.

एका वर्षी गणपती उठले आणि दादानं मनावर घेतलं. "यंदा दसरा काढताना माझा एक बी जोड निसटला तर मिशी उतरवतो," असं तो भर चौकात सांगून आला. आमच्यात मिशी उतरवतात ती घरातलं मोठं माणूस गेल्यावर. सणाच्या तोंडावर अशी भाषा ऐकून आईनं कपाळावर हात मारून घेतला.

मग आमच्या सोप्याची, म्हणजे पुढच्या खोलीची, प्रयोगशाळा झाली. दादा गावातल्या दुकानातून मिळतील तेवढ्या तऱ्हांचे कनेक्टर घेऊन आला. आढ्याला केबलचा तुकडा बांधायचा, त्याला कनेक्टरनं दुसरा तुकडा जोडायचा आणि खालच्या तुकड्याला बादली लटकवायची. बादलीत पाणी ओतायचं काम वहिनीचं. वहिनी आमच्या घरात नवीच होती. गडहिंग्लजच्या पलीकडची, सीमेजवळची, स्वतःच्या आईला अव्वा म्हणणारी. तिला सातवा लागला होता, पण स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"ओत अजून," दादा म्हणायचा.

"पुरे की आता. गोधडी एवढी जड नसतीया," वहिनी म्हणायची.

"तू तुझ्या म्हायेरची बोलतीस. हितल्या गोधड्यात अख्खं लुगड्याचं दुकान असतंय. ओत."

धाडकन बादली पडायची, सोपाभर पाणी व्हायचं, आई आतून ओरडायची आणि वहिनी भिंतीला टेकून पोट धरून हसायची. तिला इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

त्या बादलीनं आम्हाला बरंच काही शिकवलं. बारीक केबलचा कनेक्टर जाड केबलवर चढत नाही, आणि दामटला तर जाळी फाटते. जाड केबलचा बारकीवर घातला तर कितीही दाबा, बादलीसकट खाली. ज्याची कडी, म्हणजे केबलवर आवळायची बांगडी, सुटी असते ती कडी ऐन वेळी कोणाच्या तरी परसात पडते आणि सापडत नाही, म्हणून कडी अंगचीच हवी. हलक्या धातूची कडी दाबताना तडकते, पितळेची टिकते. आणि पक्कड तर कामाचीच नाही. ती दोन बाजूंनी चपटं करते, बाकीच्या बाजू मोकळ्याच राहतात. चारी बाजूंनी सारखी आवळायला सहा कोनी जबड्याचं हत्यार लागतं, ते क्रिंपिंगचं. ते आमच्या दुकानदाराकडं नव्हतं. "कोण मागतंय हो असलं? टेप गुंडाळा की," तो म्हणाला. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याचा एक मित्र शिरोली एमआयडीसीत लेथवर होता. त्याच्याकडून दादानं एका जुन्या पक्कडीला पोलादी जबडे बसवून घेतले, कनेक्टरच्या मापाला घासून घासून. शिरोलीत काय वाट्टेल ते बनतं, हे आमच्या गावच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

आणि मग माझ्यावर चकित व्हायची वेळ आली. ज्या माणसाला स्वतःचा शर्ट घडी करता येत नव्हता तो माणूस ब्लेडनं केबल अशी सोलायचा की जाळीचा एक केस कापला जायचा नाही. जाळी मागं उलटवायची, फोम कनेक्टरच्या तळाला बरोबर टेकेल इतका ठेवायचा, तांबं तोंडातून जरासंच पुढं काढायचं, जाळीचा एखादा केस तांब्याकडं वळलाय का ते उजेडात फिरवून बघायचं आणि मग हत्यार एकदाच दाबायचं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबलेला जोड तो कापून फेकायचा. हे सगळं त्यानं गल्लीतल्या प्रत्येक जोडाला केलं. केबलला हात लावण्यापूर्वी मात्र तो दर वेळी हाताची मागची बाजू तिला टेकवायचा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "विजेच्या खांबावरची सवय हाय. तळवा लावला आन करंट असला तर मूठ मिटती. सुटत न्हाय मग. आन कोण चिकटलं तर त्याला हात लावायचा न्हाय, वाळकी काठी मारायची." आईही तिथंच तांदूळ निवडत बसली होती.

फक्त टेप त्यानं लावली नाही. मी विचारलं, तर छाती पुढं काढून म्हणाला, "टेप म्हंजे फाटकं झाकायचं काम. हितं झाकायसारखं काय हाय?" आमच्या गच्चीवर जुनी केबल नवीला जोडली होती, तिथले दोन कनेक्टर उन्हात चांदीच्या जोडव्यांसारखे चमकायचे.

दसरा काढायचा दिवस उजाडला. गल्लीभर केबलवर गोधड्या पडल्या. मी फोनजवळ बसून राहिले आणि फोन वाजेना. मी उचलून बघितला, चालू होता. खाली चौकात दादा मिशीवर हात फिरवत उभा होता आणि बायका गॅलरीतून त्याला ओरडून सांगत होत्या, "आवो, लोंबकाळलं तरी तुटंना की हो!" एका आजीनं तर केबलवर आख्खी सतरंजी टाकून खालून ओढून बघितली. चित्र हललंसुद्धा नाही. दादाचं ते तोंड मला अजून आठवतं. गावातली सगळी कुस्ती मैदानं त्यानंच मारली असावीत असं.

दुपार कलायला लागली तेव्हा मी गच्चीवर गेले. आई एका कोपऱ्यात चादरी पिळत होती. गच्ची सगळी ओली, आम्ही सगळ्या अनवाणी. वहिनीनं एक छोटी गोधडी धुतली होती, तिच्या अव्वाच्या जुन्या इरकली लुगड्याची, तिनं स्वतः शिवलेली. बाळंतपणाच्या आत असली तयारी करू नये म्हणून आई कुरकुरत होती, पण वहिनीनं ऐकलं नव्हतं. मी हात पुढं केला.

"असू दे वन्सं, माझं मी घालतो," ती म्हणाली.

तिनं गोधडी केबलवर टाकली आणि चुणी सरळ करायला हात वर नेला. तिथं नेमके ते दोन चमकते कनेक्टर होते. तिच्या तोंडून "अव्वा" असा अर्धाच आवाज आला. मग ती तशीच उभी राहिली. हात वर, मूठ मिटलेली, टाचा उचललेल्या, आणि सगळं अंग थरथरतंय. मला वाटलं चक्कर आली. मी तिला धरायला धावले.

आईनं मला अशी ढकलली की मी भिंतीवर जाऊन आदळले. माझ्या आईनं, जिनं त्या सुनेला कधी बोट लावलं नव्हतं, धुणं उंचावर सारायची वाळकी काठी उचलली आणि सात महिन्यांच्या पोटुश्या सुनेच्या हातावर जीव खाऊन मारली. एकदा नाही, पुन्हा, पुन्हा. समोरच्या गच्चीवरची बाई किंचाळली, "आगं मारतीया की सुनंला!" मलाही क्षणभर तेच वाटलं, आईला वेड लागलं. मग वहिनीची मूठ सुटली आणि ती खाली कोसळली, आणि आई काठी टाकून तिथंच बसली. "करंट," एवढंच ती म्हणाली.

करंट? केबलला? त्यातून चित्र येतं, गाणी येतात, बातम्या येतात. ती काय लायटीची वायर आहे का?

दादा जिने चढून आला. त्यानं वहिनीकडं बघितलं, काळ्या पडलेल्या तिच्या बोटांकडं बघितलं आणि खिशातला टेस्टर काढून कनेक्टरला लावला. टेस्टर लाल पेटला. दादा खाली पळाला. त्याच्यामागं मीही. त्यानं पुढच्या घराच्या जोडाला टेस्टर लावला, पेटला. त्याच्या पुढच्या घराला लावला, पेटला. जिथं लावला तिथं पेटला. वर सगळ्या गल्लीवर ओल्या गोधड्या लोंबत होत्या आणि बायकांचे हात त्यांच्यावर फिरत होते. "सोडा! हात काढा! कोण शिवू नगासा!" असं तो घसा फोडून ओरडत होता आणि त्या त्याच्याकडं हसून बघत होत्या. त्यांना वाटलं, मिशीच्या भीतीनं ओरडतोय.

मूळ सापडलं ते कोपऱ्यावरच्या काकांच्या जिन्यात. तिथं दादानं बूस्टर टांगला होता, लांब गेलेल्या चित्राला पुन्हा जोर देणारा पत्र्याचा डबा. काकांच्या घरीही त्या दिवशी दसरा काढत होते. त्यांनी जिना धुतला, भिंती धुतल्या, आणि डब्यावर धूळ दिसली म्हणून त्याच्यावरही बादली ओतली. डब्याचं अंग करंटनं भरलं. त्याच्या प्लगला तीन पिना होत्या, पण काकांच्या जुन्या बोर्डाला भोकं दोनच, म्हणून करंट जमिनीत नेणारी तिसरी पिन कधीच मोडून टाकली होती. त्यात विशेष काही नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक इस्त्रीची तीच गत होती. डब्यातला करंट कनेक्टरमधून केबलच्या जाळीत शिरला आणि जाळीतून पुढच्या-मागच्या सगळ्या कनेक्टरमध्ये. ज्या घरात जोड भिंतीच्या आडोशाला होता तिथं कोणाला कळलं नाही. आमच्या गच्चीवर तो उघडा होता.

दादानं प्लग उपटला आणि जिन्यातच बसला. मला म्हणाला, "मी लई घट्ट केलं गं. पयल्यासारखं ढिलं असतं, तर करंट मधीच कुठंतरी अडला असता."

त्यानं काम वाईट केलं असतं तर मला समजलं असतं. त्यानं ते आयुष्यात पहिल्यांदा इतकं चांगलं केलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वहिनीचा हात बांधला आणि पोटावर यंत्र ठेवून बराच वेळ ऐकलं. ठोका आहे, म्हणाल्या. पण बाळ हलतंय का ते हिलाच कळेल, हललं की मला हाक मारा, असं सांगून त्या गेल्या. वहिनी छताकडं बघत पडून राहिली. आई विचारायची, "हललं?" वहिनी मान हलवून नाही म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, भिंतीवरून उतरलं. मला त्या खोलीचा राग येत होता, पंख्याच्या आवाजाचा राग येत होता, बाहेर चहा पिणाऱ्या माणसांचा राग येत होता. दादा दाराशी जमिनीवर बसला होता. क्रिंपिंगचं ते हत्यार अजून त्याच्या मागच्या खिशात होतं, त्यानं काढलंही नव्हतं.

दिवेलागणीला वहिनी त्याच्याकडं वळून म्हणाली, "हिकडं या की."

तो आला. तिनं पोटावरचा पदर बाजूला केला. "हात लावून बघा."

दादा हात पुढं करेना. एवढा धटिंगण माणूस, विजेच्या खांबावर सरसर चढणारा! शेवटी त्यानं हात नेला, पण तळवा नाही. अनोळखी तारेला लावतात तशी हाताची मागची बाजू त्यानं तिच्या पोटाला हलकेच टेकवली. आम्ही सगळे त्या हाताकडं बघत होतो. आणि तो हात उडाला. आतून लाथ बसली होती, मीसुद्धा ती बघितली. दादानं हात मागं घेतला, पुन्हा टेकवला आणि आमच्यादेखत लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. आईनं देवाला हात जोडले. वहिनी म्हणाली, "गोधडी कुठाय माझी? वरच ऱ्हायली काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मिशी उतरवून चौकात उभा राहिला. एक म्हातारे पुढं येऊन हळूच म्हणाले, "कोण गेलं रं?"

"कोण न्हाय," दादा म्हणाला. "गेलं न्हाय म्हणून काढली."

एकही जोड निसटला नव्हता, हे त्याला कोणी बोलून दाखवलं नाही. ऐन नवरात्रात त्यानं गल्लीचं केबल बंद ठेवलं. लोक भांडले, काहींनी दुसरा केबलवाला लावायची धमकी दिली. त्यानं प्रत्येक बूस्टरजवळ खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली, तीन भोकांचे बोर्ड पदरचे बसवले आणि प्रत्येक जोडावर रबराची टोपी घालून वरून टेप गुंडाळली. कनेक्टर मात्र तेच ठेवले, त्याच हत्यारानं दाबलेले. जाळी जमिनीला बांधलेली असली की घट्ट जोडासारखी चांगली गोष्ट नाही, हे तो पुढं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक केबलवाल्याला धरून सांगायचा.

बायकांना त्यानं हात जोडून विनवलं, की केबलवर धुणं घालू नका. बायका हो म्हणाल्या. आणि आठवड्याच्या आत केबलवर टॉवेल दिसायला लागले. मी थक्क झाले. डोळ्यांदेखत एक बाई मरता मरता वाचलेली, आणि या पुन्हा तिथंच! मी भांडायला निघाले होते. दादा भांडला नाही. त्यानं बाजारातून नायलॉनच्या दोरीची वेटोळी आणली आणि जिथं जिथं केबल जात होती तिथं तिथं तिच्याखाली हाताला येईल अशी दोरी बांधून दिली. गल्लीभर. तेव्हा कुठं बायकांनी केबल सोडली.

पुढं दोन हजार सालानंतर घरोघरी छोट्या छत्र्या आल्या आणि दादाचा धंदा बसला. केबल उतरवली, छत्री भंगारात गेली. दोऱ्या तेवढ्या राहिल्या. मी लग्न होऊन कसबा बावड्याला गेले. दसरा काढायला मात्र आईच्या मदतीला दर वर्षी मंगळवार पेठेत यायची.

असंच एकदा आले तेव्हा गच्चीवर माझी भाची गोधड्या वाळत घालत होती. चांगली उंच झाली होती, मोठ्या शाळेत जायला लागली होती. तिच्या बापाला मिशी होती हे तिनं कधी बघितलेलंच नाही. त्यानं पुन्हा ठेवलीच नाही. त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात कोणी काढत नाही, तिलाही कोणी सांगितलेली नाही. तिनं बादलीतून ती छोटी इरकली गोधडी काढली, पिळली, आणि दोरीवर टाकण्याआधी हाताची मागची बाजू दोरीला हलकेच टेकवली. मग गोधडी टाकली. पुढची चादर घेतली, पुन्हा तसंच केलं.

"हे काय करतीस गं?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मलाच काही कळत नाही असं तिचं तोंड होतं. "दोरीवर घालायच्या आधी असं करत्यात की, आत्ती," ती म्हणाली. "तुम्ही करत न्हाय?"

पलीकडं वहिनी चादर झटकत होती. ती झटकायची थांबली, पण तिनं मागं वळून बघितलं नाही. मी बादलीतला टॉवेल उचलला, हाताची मागची बाजू दोरीला लावली आणि म्हटलं, "करतो की."